टेक

हॅदरसेज स्टेशनवर उतरलो तेव्हा
ऊन उसनं आणल्यासारखं,
केव्हाही परत मागतील असं.
ओवेनच्या गुडघ्याला पट्टा, मॉरीनच्या खांद्यावर दोर,
दाइनाच्या नखांत शुक्रवारचं प्लास्टर.
माझ्या सॅकमध्ये सहा थालीपिठं
आणि एका नंबरनं लहान, मागून आणलेले बूट.
चौघांच्या वयांची बेरीज दोनशे सात.

वाटेत ओवेननं समजावलं:
या कड्यांच्या भाषेत 'डिफिकल्ट' म्हणजे सोपं.
'व्हेरी डिफिकल्ट' म्हणजे तेही सोपंच, जरा कमी.
खरं कठीण पुष्कळ पुढे सुरू होतं,
तिथे शब्द संपतात, नुसते आकडे लागतात.
मी म्हटलं, बावीस वर्षं झाली या देशात,
त्यातली दहा 'नॉट बॅड' कळायला गेली,
आता हे.

मग ओरडायचे शब्द.
दोर ढिला हवा तर 'स्लॅक'.
हात सुटले, वजन कुणीतरी पेलायला हवं, तर 'टेक'.
मी हसले.
अरे, आमच्यात दमलेल्याला म्हणतात टेक.
दोन मिनिटं टेक, पाठ टेक, चहा होईस्तोवर टेक.
कललेल्या भिंतीला लावतात तो टेकू.
ओवेन म्हणाला, मग अर्धं शिकलीसच,
आणि पुढे चढून दिसेनासा झाला.

खडक खरखरीत, मांजराच्या जिभेसारखा.
पहिली सहा-सात पावलं कशी गेले, ठाऊक नाही.
मग कातळाचं एक पोट आलं पुढे सुटलेलं,
पंगतीतून उठलेल्या भावोजींसारखं,
आणि त्यावर धरायला काही नव्हतं.
काही म्हणजे काही.
डावा पाय शिलाई मशीनसारखा सुरू झाला.
खाली बघू नये म्हणतात. बघितलं.

शब्द तोंडात होता. दोन अक्षरं.
येईना.
मागायची सवय नाही मला.
फार्मसीच्या काउंटरमागून रोज मी देत असते
रक्तदाबाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध,
'आज बऱ्या दिसताय हं, मिसेस प्लॅट.'
श्रीकर गेला त्या वर्षीही
कुणी विचारलं की म्हणायचे,
नॉट बॅड.

ओवेन दिसत नव्हता.
नुसता दोर, निळा, काठावरून आत गेलेला,
आणि त्याच्या टोकाला त्याची बेसूर शिट्टी.

"शू!"
खालून मॉरीन किंचाळली.
शुभदाचं इथे शू झालंय,
त्यामुळे मला हाक की कुणाला हाकलतेय, कळेना.
"शू! मेंढी! शू!"
दोन्ही होतं.
सॅकमध्ये डोकं खुपसून एक मेंढी
फॉइल बाजूला सारत, सावकाश,
माझं थालीपीठ खात होती,
आणि दाइना हातात बूट घेऊन
तिला लिथुआनियनमध्ये खडसावत होती.

हसू फुटलं. हसताना बोटं सुटली,
आणि सुटता सुटता निघालं तोंडून:
टेक!

दोर ताठ.
वीतभरसुद्धा पडले नाही.
पाय दगडाला, पाठ कशालाच नाही,
आणि मी टेकलेली.
वर शिट्टी चालूच.

त्या पोटावरून मग कशी गेले ते विचारू नका.
गुडघा वापरला, जो वापरायचा नसतो.
वर ओवेन दगडाला टाचा रोवून बसलेला,
म्हणाला, जड आहेस.
मी म्हटलं, आहेच.

दोन थालीपिठं उरली, चौघांत वाटली.
मिरची जास्त झाली होती.
मेंढीनं तक्रार केली नाही, मॉरीननं केली.
तीनला ऊन परत मागून नेलं,
पावसाआधी दोर गुंडाळला, तो नीट जमला नाही.

परतीच्या गाडीत दाइना
न विचारता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.
केसांत चुन्याचा एक ठिपका.
बोगदा आला, गेला.
हाताला मुंग्या आल्या होत्या.
शेफील्डपर्यंत मी खांदा हलवला नाही.